वरच्या मजल्याचा आवाज आणि आपला पारा

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमधल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारं कुटुंब. वरच्या घरातून रात्री अकरा-साडेअकराला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी खाली वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं. आठवड्यातून एकदा-दोनदा त्यांची स्कूटर यांच्या पार्किंगच्या जागेत उभी असते. सांगायला गेलं की वरचे गृहस्थ आवाज चढवतात. घरात सासूबाईंना रक्तदाब, नवऱ्याचं डोकं लगेच तापतं. "भांडण वाढू न देता आणि स्वतः शांत राहून हे कसं हाताळायचं?"

"दुर्लक्ष करा" हा सल्ला तुम्हाला दहा जणांनी दिला असेल. तो चालत नाही, आणि त्याचं कारण आहे. १९७० च्या सुमारास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग केले. लोकांना मोठा, अधूनमधून अचानक येणारा आवाज ऐकवत कामाला बसवलं. काही जणांना एक बटण दिलं, "फारच झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका" असं सांगून. जवळजवळ कोणीच ते दाबलं नाही. तरी नंतर दिलेल्या कामात बटणवाल्यांच्या चुका कमी झाल्या आणि अवघड कोडी सोडवताना ते जास्त वेळ टिकले. आवाज बटण असलेल्यांना आणि नसलेल्यांना तेवढाच होता. आवाजापेक्षा "आपल्या हातात काहीच नाही" ही भावना माणसाला जास्त पोखरते.

म्हणून पुढे जे लिहिलंय ते सहन करण्याचं तंत्र म्हणून वाचू नका. तुमच्या हाताशी चार-पाच बटणं हवीत, आणि कुठलं कधी दाबायचं ते आधी ठरलेलं हवं.

पहिलं बटण स्वतःच्या शरीराचं. रात्री ११.२० ला डोक्यावर खर्र्र झालं की अॅड्रिनलीन सुटतं, छाती धडधडते, जबडा आवळला जातो आणि आवाज आपोआप चढतो. या अवस्थेत माणूस समोरच्याचं ऐकत नाही, फक्त उत्तर शोधतो. शरीर उतरायला साधारण वीस मिनिटं लागतात, तीही मधे नवी फोडणी पडली नाही तर. फोडणी म्हणजे नवरा-बायकोचं आपसातलं बोलणं: "परवापण असंच केलं", "त्या ड्रिलच्या वेळी आठवतंय ना?" प्रत्येक वाक्याला वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळात या विषयावर घरात बोलायचं नाही, एवढं आधी ठरवून टाका.

श्वासाचं तंत्र बहुतेक जण उलटं करतात. छाती फुगवून जोरजोरात दीर्घ श्वास घेतात आणि गरगरायला लागतं. श्वास घेण्यावर नाही, सोडण्यावर भर हवा. खुर्चीत बसा, नाकाने चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. बाहेर सोडताना हृदयाची गती किंचित खाली येते, तेच तुम्ही लांबवत असता. चार-सहा जमलं नाही तर तीन-पाच चालेल. सोडणं घेण्यापेक्षा लांब असलं की झालं. आणि झाडूच्या दांड्याने छताला ठोकणं बंद. वरच्याला त्यातून फक्त "खालचे भांडखोर आहेत" एवढाच निरोप पोचतो.

कानाचंही एक आहे. त्रास सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी कान आवाजाची वाट पाहायला लागतात. दहा वाजल्यापासूनच "आता वाजेल, आता वाजेल". पंखा किंवा टेबल फॅन सुरू ठेवला की अधूनमधून येणाऱ्या आवाजाची धार कमी होते, कारण शांततेतून आवाजाकडे जाणारी उडी लहान होते. फोमचे इअरप्लग घेतले तर नीट घाला: बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी कोंबला तर निम्माही उपयोग नाही. बोलणं, टीव्ही यांवर ते छान चालतात. खुर्चीचा, टाचांचा धप्प आवाज मात्र स्लॅबमधून, भिंतीतून, पलंगातून येतो. तो कमी होतो, जात नाही. आणि सासूबाई रात्री हाक मारत असतील तर दोघांनी एकाच वेळी प्लग घालू नयेत.

आता वही. हे सगळ्यांत कंटाळवाणं काम आहे आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगाचं. पंधरा दिवस रोज एक ओळ: तारीख, किती ते किती, घरात कुठे ऐकू आलं, कशासारखं, किती वेळा. "मंगळवार, ११.२० ते ११.३५, हॉल, खुर्ची ओढल्यासारखं, सहा-सात वेळा." एवढंच. "मुद्दाम", "नेहमीचंच", "निर्लज्जपणा" हे शब्द वहीत आले की ती वही राहत नाही, कैफियत होते, आणि पुढे कमिटीसमोर तिची किंमत शून्य. ज्या दिवशी आवाज आला नाही त्या दिवशीही "काही नाही" असं लिहा.

या वहीतून दोन गोष्टी निघतात. एक, जे "रोज" वाटत होतं ते बऱ्याचदा आठवड्यातून तीन-चार दिवस असतं. दोन, त्याला काही क्रम असतो. सोमवार ते शुक्रवार बरोबर अकरानंतर असेल तर घरात कोणीतरी हिंजवडीहून दुसरी शिफ्ट करून येतंय आणि तेव्हा जेवायला बसतंय, असं असू शकतं. खुर्ची मग तुमच्या डोक्यावर ओढली जात नसते, पानावर बसायला ओढली जाते. आवाज तेवढाच राहतो, पण "मला त्रास द्यायला" हा काटा निघतो. निम्मा राग त्या काट्याचा असतो.

आणखी एक खातरजमा हवी: आवाज खरंच वरच्याच घरातला आहे का? आरसीसी इमारतीत धक्क्याचा आवाज स्लॅब, बीम आणि कॉलममधून आडवातिडवा फिरतो. तिरक्या घरातली घरघंटी किंवा भिंतीपलीकडचं वॉशिंग मशीन थेट डोक्यावर आहे असं वाटू शकतं. शेजारच्या आणि तिरक्या घरात सहज विचारा, "तुम्हालाही येतो का हो?" चुकीच्या दारावर जाऊन भांडण केलं की पुढची पाच वर्षं तुमची खरी तक्रारही कोणी ऐकत नाही. (मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अॅप अंदाजापुरतं ठीक. फोनचा माइक त्यासाठी जुळवलेला नसतो, त्यामुळे तो आकडा कोणाच्या तोंडावर फेकू नका.)

मग बोलणं. इथेच बहुतेक प्रकरणं बिघडतात आणि बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. रात्री आवाज येतोय त्याच वेळी वर जाणं, ही पहिली. तुमचा पारा चढलेला, त्यांच्या तोंडात घास, मागे बायको-मुलं बघतायत. अशा वेळी कोणीही माघार घेत नाही. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, तेच. रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर, साडेदहा ते साडेअकरा ही वेळ सर्वांत बरी. दुपारी १ ते ४ मध्ये पुण्यात कोणाचं दार वाजवून तुमच्या मनासारखं उत्तर मिळणार नाही, हे वेगळं सांगायला नको. घरातलं एकच माणूस जाऊ द्या, ज्याचा आवाज मुळात खालच्या पट्टीत आहे ते. तुमच्या घरात बहुधा ते तुमचे यजमान नसावेत.

विषय एकच न्यायचा. खुर्च्या, कुंड्या आणि स्कूटर एकदम काढल्या तर ती तक्रार राहत नाही, आरोपपत्र होतं. सुरुवात खुर्च्यांपासून करा, कारण त्यावरचा उपाय स्वस्त आहे आणि "हो" म्हणायला सोपा आहे. एकदा "हो" म्हटलेला माणूस दुसऱ्या वेळी कमी अडतो.

बोलणं साधारण असं:

"काका, पाच मिनिटं वेळ आहे का? एका अडचणीसाठी आलेय."
"बोला."
"रात्री अकराच्या पुढे खुर्ची सरकली की आमच्या हॉलमध्ये फार मोठा आवाज येतो. सासूबाईंना बीपी आहे, त्या दचकून उठतात. तुम्हाला वर तो जाणवतही नसेल. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, म्हणजे जाड मऊ कापडाची चकती, लावलं तर थांबेल. मी आणलंय, लावून देऊ का?"

इथे थांबा. पुढचं वाक्य बोलू नका. गप्प बसणं जड जातं आणि माणूस भरायला म्हणून "कारण मागच्या वर्षीसुद्धा..." असं काहीतरी बोलून सगळं घालवतो.

जी वाक्यं हमखास पेटवतात ती अशी: "तुम्ही नेहमीच", "मुद्दाम करता", "सुशिक्षित माणसांनी तरी", "आम्ही इथे वीस वर्षं राहतोय", "भाडेकरूंनी जरा". शेवटची दोन तर आवाजाबद्दल नसतातच, ती कोण मोठं याबद्दल असतात. टोमणाही नको. आपल्याकडे तिरकस बोलणं ही कला मानली जाते आणि जिन्यात पाटी लावून ती मिरवतातही. पण पाटीला स्वतःचा सूर नसतो, वाचणारा आपल्या मनातला सूर तिला देतो, आणि रागावलेल्या माणसाच्या मनात तो कसा असणार?

ते म्हणाले, "तुमच्या मिक्सरचा आवाज आम्हाला सकाळी सहाला येतो, आम्ही बोलतो का?" तर लगेच बचाव करू नका. त्यात खरं असेल तेवढं घ्या: "येत असेल. उद्यापासून सातनंतर लावते." मग पुन्हा तेच वाक्य, त्याच सुरात: "आणि खुर्च्यांना फेल्ट लावूया का?" आवाज चढला तर तुमचा एक पायरी खाली आणा, वेग कमी करा. उंबऱ्याच्या आत पाऊल नको, बोट दाखवायचं नाही, समोरासमोर न उभं राहता थोडं तिरकं, दोन हात अंतरावर. तेच वाक्य जास्तीत जास्त तीनदा. तरी ओरडणं चालूच राहिलं तर "आत्ता नको, पुन्हा बोलू काका," म्हणून जिना उतरायचा. हे वाक्य आधी घरात दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा. ऐनवेळी सुचत नाही. दार आपटलं गेलं तरी तुम्ही हरलेला नसता, वहीत एक ओळ वाढलेली असते.

फेल्टचं नीट सांगतो, कारण "लावलं, पण आठ दिवसांत निघालं" हे कायम ऐकू येतं. हार्डवेअरच्या दुकानात चिकटवायचे गोल तुकडे मिळतात. पायाच्या तळव्याएवढा किंवा किंचित लहान घ्या. मोठा घेतला तर कडेने सुटतो. पाय आधी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करायचा, कारण धुळीवर चिकट धरत नाही. अर्धा मिनिट दाबायचं आणि खुर्ची रात्रभर उलटी ठेवायची. लाकडी पायांना खिळ्याचं फेल्ट जास्त टिकतं. लोखंडी पाइपच्या पायांना फेल्ट टिकत नाही, तिथे रबरी बूट बसवा. सहा खुर्च्यांना चोवीस तुकडे, चार जास्तीचे. तीन-चार महिन्यांनी केस आणि कचरा बसून ते कडक होतात, तेव्हा बदलायचे. घरघंटी असेल तर तिच्याखाली जाड रबरी तुकडे आणि भिंतीपासून वीतभर अंतर.

कुंड्यांचा विषय महिनाभराने काढा. कोरड्या मातीवर एकदम पाणी ओतलं की ती शोषत नाही; पाणी कडेने वाट काढून खालच्या भोकातून पळतं आणि तुमच्या चादरींवर येतं. निम्मं पाणी घालून दहा मिनिटांनी उरलेलं घातलं तर बरंचसं मुरतं. कुंडीच्या तळापेक्षा दोन-तीन इंच रुंद थाळी हवी, आणि ती दर तीन-चार दिवसांनी रिकामी करायला हवी, नाहीतर पावसाळ्यात तिथे डेंग्यूचे डास व्हायचे. सोपा तोडगा वेळेचा आहे: त्यांनी सातच्या आत पाणी घालायचं, तुम्ही आठनंतर कपडे वाळत घालायचे. यात तुम्हीही काहीतरी सोडताय हे दिसतं, म्हणून तो टिकतो.

स्कूटरला बोलणं कमी आणि कागद जास्त लागतो. जागावाटपाचं पत्र किंवा कमिटीचा ठराव काढून ठेवा. तारीख-वेळेसह फोटो घ्या. स्कूटर त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांची नाही ना, तेही बघा. चाकातली हवा सोडणं, साखळी लावणं, गाडी ढकलून आडवी करणं यातलं काहीही केलंत की आजवरची तक्रार तुमची होती ती त्यांची होते.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं काही टाकू नका. साठ जणांसमोर कोणी चूक कबूल करत नाही, आणि त्या साठांतले पंचावन्न नुसती मजा बघतात. खासगी मेसेज एकच, बोलणं झाल्यावर त्याच दिवशी: "काका, आज ठरल्याप्रमाणे फेल्ट लावलं, धन्यवाद." हाच पुढे तुमचा पुरावा. सीसीटीव्ही लावला तर आपल्या दारापुरता; त्यांच्या दारावर रोखलात तर उलट तक्रार नक्की.

दोन वेळा बोलूनही हललं नाही तर पुढचं बटण लेखी अर्जाचं. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, तक्रारीची रीत दिलेली आहे: सचिवांकडे लेखी तक्रार द्यायची, समितीने पुढच्या सभेत तिच्यावर निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्हाला कळवायचं. अर्ज एका पानाचा, एका विषयाचा, वहीतल्या नोंदी जोडून. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. समिती पत्र देऊ शकते, दोघांना बसवू शकते, दुरुस्तीच्या कामाच्या वेळा ठरवू शकते. शेजाऱ्याचा स्वभाव बदलू शकत नाही, त्यामुळे सचिवांवर चिडून उपयोग नाही. ते बहुधा नोकरी सांभाळून हे फुकट करतात. तुमची इमारत 'अपार्टमेंट' असेल, म्हणजे सहकारी संस्था म्हणून नव्हे तर अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेली, पुण्यात अशा पुष्कळ आहेत, तर घोषणापत्रासोबतचे उपविधी लागू होतात. आधी ते कागद वाचा.

कायद्याची बाजू अशी: ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. म्युझिक सिस्टिम, पार्टी, स्पीकर यांना हे थेट लागू पडतं आणि तेव्हा ११२ ला फोन करता येतो. खुर्ची ओढण्यासाठी पोलीस बोलावलेत तर ते येतील, समजावतील, जातील, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात तुम्हीच राहणार. शिवीगाळ झाली तर चौकीत अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी होते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत, पण तारीखवार नोंद राहते. वारंवार झालं तर शांतता राखण्याचा बाँड लिहून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ मध्ये आहे. बोलीत त्याला चॅप्टर केस म्हणतात. त्यात बऱ्याचदा दोन्ही बाजूंना बोलावतात, हे जाण्याआधी माहीत असू द्या. त्याच्या अलीकडे एक चांगला पर्याय राहून जातो: शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्याआधी मध्यस्थीसाठी अर्ज. तिसरा माणूस, टेबल आणि ठरलेली वेळ, एवढ्यानेच कित्येकांचा आवाज खाली येतो.

हे सगळं साध्या त्रासासाठी. धमकी, अंगावर येणं, दारू पिऊन दार ठोकणं, घरातल्या मुलींचा पाठलाग, वरच्या घरात कोणाला मारहाण होत असल्याचा आवाज, यांत श्वासही मोजायचा नाही आणि रविवारची वाटही पाहायची नाही. दार आतून लावून थेट ११२. उलट वरचं माणूस वयस्कर असेल, अपरात्री भांडी काढत असेल, "तुम्ही माझ्या वस्तू चोरता" असं म्हणायला लागलं असेल, तर तो विस्मरणाचा आजार असू शकतो. त्यांच्याशी वाद घालू नका, मुलाला-सुनेला गाठा. आणि झोप उडून तुमचीच चिडचिड मुलांवर निघायला लागली असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं.

सासूबाईंचं बीपी आवाजानंतर लगेच मोजू नका. त्या वेळी ते वर असणारच, आणि तो आकडा बघून अख्खं घर पुन्हा तापतं. पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवा, मग मोजा. सकाळचा आकडाही सलग चढा येत असेल तर तो प्रश्न डॉक्टरांचा आहे.

फेल्ट लागल्यावर दोन-तीन महिने बरे जातात आणि एका रात्री पुन्हा खर्र्र होतं. "बघ, सुधारले नाहीत" असं तेव्हा घर म्हणेल. बहुतेक वेळा एखाद्या पायाचा तुकडा निघालेला असतो. रविवारी चार तुकडे घेऊन वर जा, या वेळी दारातच दोन वाक्यांत काम होईल. मधे दिवाळी आली तर फराळाचा डबा पाठवून ठेवा. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत त्यांनाही माहीत आहे, त्यामुळे पुढचं पाऊल त्यांनाच उचलावं लागतं.